जड मूलद्रव्यांची वैश्विक निर्मिती आणि केंद्रकांचे विखंडन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोने, प्लॅटिनम, युरेनियम ही मूलद्रव्ये विश्वात कशी तयार झाली याचे संगणकीय गणित मांडताना केंद्रकांच्या विखंडनाचा, म्हणजे जड केंद्रक फुटून त्याचे तुकडे होण्याचा, विचार टाळता येत नाही, हे गेल्या काही दशकांत स्पष्ट झाले आहे. मात्र या गणितात विखंडनाबद्दलची जी माहिती भरावी लागते, तिचा बराच मोठा भाग मोजलेला नसून सिद्धान्तातून काढलेला आहे. पुढील उत्तरे वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण यातील बहुतेक मतभेदांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न: ताऱ्यांच्या गाभ्यात सोने किंवा युरेनियम का तयार होत नाही?

ताऱ्याच्या गाभ्यात हलकी केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रके बनतात आणि त्यातून ऊर्जा मिळते. पण लोह आणि निकेल यांच्या आसपास प्रत्येक न्यूक्लिऑनमागची (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागची) बंधनऊर्जा कमाल पातळीला पोहोचते, आणि त्यापुढे संमीलनातून ऊर्जा मिळण्याऐवजी खर्ची पडू लागते. शिवाय केंद्रकात प्रोटॉन जितके अधिक, तितके दोन केंद्रकांमधले प्रतिकर्षण अधिक. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे त्याला ही अडचण येत नाही. तो कमी ऊर्जेनेही केंद्रकात शिरू शकतो आणि नंतर बीटा क्षयाने त्याचा प्रोटॉन होऊन मूलद्रव्य आवर्त सारणीत एक घर पुढे सरकते.

मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी १९५७ मध्ये, आणि त्याच वर्षी ॲलिस्टर कॅमेरॉन यांनी स्वतंत्रपणे, न्यूट्रॉन ग्रहणाचे दोन मार्ग वेगळे करून दाखवले. मंद मार्ग, म्हणजे एस-प्रक्रिया, वृद्ध ताऱ्यांत हजारो वर्षे चालतो आणि शिसे व बिस्मथ यांच्यापाशी संपतो. शीघ्र मार्ग, म्हणजे आर-प्रक्रिया, सुमारे एका सेकंदात उरकतो. थोरियम, युरेनियम आणि त्यांच्याही पुढची केंद्रके केवळ या दुसऱ्या मार्गानेच तयार होऊ शकतात.

प्रश्न: आर-प्रक्रियेत नेमके काय घडते?

दर घन सेंटिमीटरला १०^२० किंवा त्याहून कितीतरी अधिक न्यूट्रॉन असतील, तर बीटा क्षय होण्याआधीच केंद्रक एकामागून एक न्यूट्रॉन गिळत जाते. अशी केंद्रके स्थिर समस्थानिकांपासून (एकाच मूलद्रव्याच्या, न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेल्या रूपांपासून) फार दूर, न्यूट्रॉनांनी जवळजवळ संपृक्त अशा प्रदेशात पोहोचतात. न्यूट्रॉनांची संख्या ५०, ८२ किंवा १२६ झाली की केंद्रकातील न्यूट्रॉनांचे कवच, म्हणजे ऊर्जापातळ्यांचा एक गट, पूर्ण भरते, पुढचा न्यूट्रॉन सैलपणे बांधला जातो आणि वाटचाल तिथे रेंगाळते. सूर्यमालेतील मूलद्रव्यांच्या प्रमाणात वस्तुमानांक (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची एकूण संख्या) ८०, १३० आणि १९५ यांच्या आसपास जी शिखरे दिसतात, ती या रेंगाळण्याची खूण आहे. यातील १९५च्या शिखरावर ऑस्मियम, इरिडियम, प्लॅटिनम आणि त्याच्या उतारावर सोने येते.

न्यूट्रॉनांचा पुरवठा आटला की बीटा क्षयांची मालिका सुरू होते आणि सगळी द्रव्ये हळूहळू स्थिरतेकडे परततात. परतीच्या या वाटेवरही बरेच काही बदलते, आणि विखंडनाचा मोठा भाग इथेच घडतो.

प्रश्न: मग विखंडनाची भूमिका कोणती?

न्यूट्रॉन भरपूर असतील तर चढण युरेनियमपाशी थांबत नाही. वस्तुमानांक २५०, २६०, २८० असा वाढत जातो आणि कुठेतरी केंद्रक स्वतःच्या विद्युत प्रतिकर्षणापुढे टिकू न शकल्याने दुभंगते. त्याचे तुकडे मध्यम वजनाचे, साधारण १०० ते १६० वस्तुमानांकाचे असतात. न्यूट्रॉन अजून शिल्लक असतील तर हेच तुकडे पुन्हा ग्रहण सुरू करतात, पुन्हा वर चढतात आणि पुन्हा फुटतात. याला विखंडन-चक्र म्हणतात. सीगर, फाउलर आणि क्लेटन यांनी १९६५ मध्येच त्याचे गणित मांडले होते.

या चक्रामुळे तीन गोष्टी घडतात. आर-प्रक्रियेची वरची मर्यादा ठरते. फुटणाऱ्या केंद्रकांतून मोकळे न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा ग्रहणासाठी उपलब्ध होतात. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: चक्र दोनतीनदा फिरले की सुरुवातीच्या परिस्थितीतले बारीकसारीक फरक पुसले जातात आणि दुसऱ्या शिखरापासून पुढचा नमुना बऱ्याच अंशी एकसारखा येतो. आकाशगंगेच्या प्रभामंडलातील, लोहाचे प्रमाण अत्यल्प असलेल्या अनेक जुन्या ताऱ्यांत बेरियमपासून प्लॅटिनमपर्यंतचा नमुना सूर्यमालेतील आर-प्रक्रियेच्या नमुन्याशी आश्चर्यकारकरीत्या जुळतो, आणि त्याचे एक संभाव्य कारण हे चक्र मानले जाते. ॲक्टिनाइडांचे (थोरियम, युरेनियम यांच्या गटातील जड मूलद्रव्यांचे) प्रमाण मात्र ताऱ्यागणिक बरेच बदलते. काही ताऱ्यांत थोरियम अपेक्षेपेक्षा जास्त सापडते, त्यामुळे एकसारखेपणाचा दावा सरसकट सगळ्या मूलद्रव्यांना लावता येत नाही.

प्रश्न: विखंडन-अडथळा म्हणजे काय, आणि त्याच्याभोवती एवढी चर्चा का होते?

ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना डिसेंबर १९३८ मध्ये युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर बेरियम सापडले. लीझ माइट्नर आणि ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला, आणि १९३९ मध्येच नील्स बोर व जॉन व्हीलर यांनी केंद्रकाला विद्युतभारित द्रवाच्या थेंबासारखे मानून विखंडनाचा सिद्धान्त मांडला. थेंब ताणला की त्याचे पृष्ठफळ वाढते आणि पृष्ठताण त्याला मागे ओढतो. उलट प्रोटॉन एकमेकांपासून दूर गेल्याने विद्युत ऊर्जा कमी होते. या दोन परिणामांच्या ओढाताणीत ऊर्जेचा एक उंचवटा तयार होतो. केंद्रकाचे अनेक प्रकारचे आकार विचारात घेतले, तर हा उंचवटा डोंगररांगेसारखा असतो आणि पलीकडे जाण्याच्या सर्वांत सखल खिंडीची उंची म्हणजे विखंडन-अडथळा. युरेनियमच्या आसपासच्या ज्ञात समस्थानिकांत तो साधारण ५ ते ६ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो.

केवळ थेंबाच्या प्रतिमानाने मात्र भागत नाही. १९६० च्या दशकात व्हिलेन स्त्रुतिन्स्की यांनी कवच-परिणामांची दुरुस्ती थेंबाच्या ऊर्जेत मिळवण्याची पद्धत दिली, आणि त्यातून जड ॲक्टिनाइडांचा अडथळा बहुधा दोन वशिंडांचा असतो हे समजले. १९६२ पासून सापडू लागलेल्या विखंडन-समघटकांचे (उत्तेजित, ताणलेल्या आकारात काही काळ टिकून मग फुटणाऱ्या केंद्रकांचे) कोडेही त्यामुळे सुटले. आज वापरात असलेली सगळी प्रतिमाने एका ना एका स्वरूपात हे दोन्ही घटक वापरतात. काहींत थेंब आणि कवच वेगवेगळे मोजून एकत्र केले जातात, तर हार्ट्री-फॉक-बोगोल्युबोव्ह पद्धतीवर आधारलेल्या प्रतिमानांत न्यूक्लिऑनांमधल्या परिणामी बलापासून सुरुवात केली जाते.

अडचण अशी की आर-प्रक्रियेतील एकाही अतिन्यूट्रॉनसमृद्ध ॲक्टिनाइडाचा अडथळा आजवर मोजलेला नाही. त्यामुळे ज्ञात समस्थानिकांवर जुळवलेली प्रतिमाने शेकडो अज्ञात केंद्रकांपर्यंत ताणावी लागतात, आणि तिथे दोन चांगल्या प्रतिमानांच्या उत्तरांत काही मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टचा फरक पडू शकतो. अडथळा भेदून बाहेर पडण्याची शक्यता त्याच्या उंचीवर घातांकी पद्धतीने अवलंबून असल्याने, एका मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या फरकानेही अर्धायुष्य लाखो पटींनी बदलू शकते. फर्मियम-२५६चे अर्धायुष्य सुमारे अडीच तास आहे. त्यात केवळ दोन न्यूट्रॉन मिळवले की फर्मियम-२५८ होते आणि त्याचे अर्धायुष्य ०.३७ मिलिसेकंदांवर येते. ज्ञात प्रदेशातच निसर्ग एवढी मोठी उडी घेतो, तर अज्ञात प्रदेशातील आकडे एका प्रतिमानाच्या भरवशावर स्वीकारणे योग्य नाही.

प्रश्न: गणितात कोणकोणत्या प्रकारचे विखंडन धरावे लागते?

मुख्य प्रकार तीन आहेत. न्यूट्रॉन-प्रेरित विखंडनात केंद्रक न्यूट्रॉन गिळते, त्याच्या बंधनऊर्जेमुळे उत्तेजित होते आणि फुटते. न्यूट्रॉनांची घनता जास्त असेपर्यंत हाच प्रकार प्रभावी असतो. बीटा-विलंबित विखंडनात बीटा क्षयानंतर उरलेले केंद्रक उत्तेजित अवस्थेत जन्माला येते आणि फुटते. न्यूट्रॉन संपत आल्यावर, परतीच्या वाटेवर, याचे महत्त्व वाढते. स्वयंस्फूर्त विखंडन दीर्घायुषी केंद्रकांसाठी उशिरापर्यंत चालू राहते. प्रकाशकणांमुळे होणारे विखंडन अतिशय उच्च तापमानातच विचारात घ्यावे लागते.

यातील बीटा-विलंबित विखंडनाची शक्यता जुन्या गणितांत बरेचदा ढोबळपणे धरली जात असे. उत्तेजित केंद्रक आधी एक-दोन न्यूट्रॉन सोडून नंतर फुटू शकते, म्हणजे विखंडनाची संधी त्याला एकदाच नव्हे तर अनेकदा मिळते, हे २०१८ मध्ये लॉस अलामोस येथील मॅथ्यू ममपॉवर आणि सहकाऱ्यांनी सविस्तर मांडले. अशा गणनांचा निष्कर्ष असा की न्यूट्रॉनसमृद्ध प्रदेशात अतिजड केंद्रके तयार होण्याची वाट या विखंडनामुळे बऱ्याच अंशी बंद होते.

प्रश्न: केंद्रक फुटल्यावर तुकडे कोणत्या वजनाचे होतील, हे कसे ठरवतात?

अंतिम मूलद्रव्य-प्रमाणांवर सर्वांत थेट परिणाम याच प्रश्नाच्या उत्तराचा होतो. सर्वांत सोपी कल्पना म्हणजे केंद्रक समान दोन भागांत फुटते असे धरणे. आरंभीच्या चाचण्यांसाठी ती अजूनही वापरतात, पण तिचे निष्कर्ष शेवटचे मानू नयेत. कोदामा आणि ताकाहाशी यांनी १९७५ मध्ये दोन घंटाकृती वक्रांवर आधारलेले सूत्र दिले, आणि कितीतरी वर्षे खगोलभौतिकीत तेच वापरले गेले. त्यानंतर प्रयोगांतील नोंदींवर जुळवलेली जीईएफ आणि एबीएलए ही अर्ध-अनुभवजन्य प्रतिमाने आली, तुकडे विलग होण्याच्या क्षणीची ऊर्जा मोजणारे एसपीवाय आले, आणि केंद्रकाचा आकार यादृच्छिक पावलांनी ऊर्जेच्या भूभागावरून भटकत खाली उतरतो असे मानणारी योरगेन रँड्रप आणि पेटर म्योलर यांची २०११ ची पद्धतही आली.

या सगळ्यांची कसोटी ज्ञात प्रदेशातील विलक्षण उदाहरणांवर लागते. फर्मियम-२५६ असमान तुकड्यांत फुटते, तर फर्मियम-२५८ जवळजवळ समान तुकड्यांत, कारण तिथे दोन्ही तुकडे दुहेरी जादुई (प्रोटॉन व न्यूट्रॉन दोन्हींची कवचे पूर्ण भरलेल्या) टिन-१३२च्या जवळ पोहोचतात. सर्नच्या आयसोल्ड प्रयोगशाळेत पारा-१८० केंद्रकाचे निरीक्षण केले गेले, तेव्हा ते झिर्कोनियम-९०च्या दोन समान तुकड्यांत फुटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते असमान फुटते हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. तुकड्यांचे कवच पाहून विभाजन सांगता येते हा सरधोपट समज त्यामुळे सोडावा लागला. जे प्रतिमान फर्मियम आणि पारा या दोघांचेही वर्तन दाखवते, त्यावर अज्ञात प्रदेशासाठी थोडा अधिक विश्वास ठेवावा, असे माझे मत आहे.

तुकड्यांबरोबर बाहेर पडणाऱ्या न्यूट्रॉनांची संख्याही द्यावी लागते. युरेनियम-२३५च्या औष्णिक, म्हणजे मंदगती, न्यूट्रॉनांनी होणाऱ्या विखंडनात ती सरासरी २.४ असते. अतिन्यूट्रॉनसमृद्ध केंद्रकांत ती बरीच जास्त असू शकते, आणि न्यूट्रॉन संपत आलेल्या टप्प्यात हेच न्यूट्रॉन तिसऱ्या शिखराची जागा किंचित सरकवतात.

प्रश्न: संगणक प्रत्यक्षात काय सोडवतो?

प्रत्येक समस्थानिकासाठी एक समीकरण लिहिले जाते: ते किती वेगाने तयार होते आणि किती वेगाने नष्ट होते. असे काही हजार समस्थानिक एकमेकांशी जोडलेले असतात. प्रयोगशाळांत आजवर सुमारे ३,३०० समस्थानिक ओळखले गेले आहेत, तर बंधित राहू शकतील अशा केंद्रकांची सैद्धान्तिक संख्या ७,००० च्या आसपास आहे. काही प्रक्रिया सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात आणि काही कोट्यवधी वर्षांत घडत असल्याने साधी पद्धत वापरली तर गणित कोलमडते. म्हणून पुढच्या क्षणाची अज्ञात मूल्ये समीकरणातच धरणारी अप्रकट पद्धत आणि विरळ सारण्या वापराव्या लागतात. विखंडनामुळे ही सारणी बिघडते, कारण एरवी प्रत्येक केंद्रक फक्त शेजाऱ्यांशी जोडलेले असते, तर विखंडन एका केंद्रकाला एकदम शेकडो दूरच्या केंद्रकांशी जोडते. स्कायनेट, विननेट आणि प्रिझम हे या कामासाठी वापरले जाणारे प्रसिद्ध संगणकीय संच आहेत.

त्यांना बाहेरून दोन गोष्टी पुरवाव्या लागतात: फेकल्या गेलेल्या द्रव्याचे तापमान व घनता काळानुसार कशी घटते, आणि सुरुवातीला न्यूट्रॉनांच्या तुलनेत प्रोटॉन किती आहेत. एकूण न्यूक्लिऑनांत प्रोटॉनांचा वाटा साधारण पावापेक्षा कमी असेल तर लँथनाइड (दुर्मिळ मृदा गटातील मूलद्रव्ये) तयार होतात. विखंडन-चक्र जोरात चालण्यासाठी तो आणखी बराच कमी लागतो.

प्रश्न: पृथ्वीवर असे काही कधी घडले आहे का?

काही अंशी, होय. १ नोव्हेंबर १९५२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील एनेवेटाक प्रवाळद्वीपावर ‘आयव्ही माइक’ या औष्णिक-आण्विक स्फोटाची चाचणी केली. त्या क्षणी युरेनियम-२३८च्या काही केंद्रकांनी १७ पर्यंत न्यूट्रॉन गिळले, आणि नंतरच्या बीटा क्षयांतून आइनस्टाइनियम व फर्मियम ही तोवर अज्ञात असलेली दोन मूलद्रव्ये अवशेषांत सापडली. न्यूट्रॉनांचा भडिमार इतका अल्पकाळ टिकला की ग्रहणादरम्यान बीटा क्षयाला वेळच मिळाला नाही, म्हणून याला संपूर्ण आर-प्रक्रिया म्हणता येत नाही.

त्याच अवशेषांत कॅलिफोर्नियम-२५४ आढळले. ते जवळजवळ पूर्णतः स्वयंस्फूर्त विखंडनाने नष्ट होते आणि त्याचे अर्धायुष्य आज सुमारे ६०.५ दिवस मानले जाते. तेव्हा ते ५५ दिवस मोजले गेले होते. एका अतिनवताऱ्याचा प्रकाशही साधारण याच गतीने मंदावत असल्याचे दिसल्याने १९५६-५७ मध्ये बर्बिज, हॉइल आदींनी कॅलिफोर्नियम हाच त्या प्रकाशाचा स्रोत असावा असे सुचवले. ते स्पष्टीकरण टिकले नाही. त्या प्रकाशाचे कारण निकेल-५६ आणि त्यापासून होणारे कोबाल्ट-५६ आहे, हे पुढे सिद्ध झाले. पण विखंडनातून येणारी उष्णता आकाशात ओळखता यावी ही कल्पना आता दुसऱ्या ठिकाणी परतली आहे.

प्रश्न: ते दुसरे ठिकाण म्हणजे किलोनोव्हा का?

होय. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणात फेकल्या गेलेल्या द्रव्याच्या किरणोत्सर्गी प्रकाशाला किलोनोव्हा म्हणतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांनी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या; १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट दिसला आणि सुमारे ११ तासांनी चिलीतील दुर्बिणीने एनजीसी ४९९३ या सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू शोधला. तो काही दिवसांत निळसरहून लाल होत गेला. लँथनाइडांच्या अपारदर्शकतेमुळे असे होईल हे आधीच वर्तवलेले होते. २०१९ मध्ये त्याच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखले गेले.

या प्रकाशाला किरणोत्सर्गी क्षय इंधन पुरवतात. एका बीटा क्षयातून काही मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मिळते आणि तिचा मोठा भाग न्यूट्रिनो व गॅमा किरणांबरोबर निसटतो. एका विखंडनातून सुमारे २०० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात, आणि बहुतांश ऊर्जा जड तुकड्यांच्या गतीत असल्याने ती जागीच उष्णतेत बदलते. त्यामुळे कॅलिफोर्नियम-२५४ अगदी थोडे तयार झाले तरी काही आठवड्यांनंतर किलोनोव्हाच्या अवरक्त प्रकाशात त्याचा प्रभाव दिसू शकतो, असे २०१८ मधील गणनांनी दाखवले. स्पिट्झर दुर्बिणीने २०१७ ची घटना ४३ आणि ७४ दिवसांनंतर पाहिली, पण दोन मोजमापांवरून विखंडन सिद्ध करता येत नाही. पुढची जवळची घटना जेम्स वेब दुर्बिणीने अनेक महिने पाहता आली, तर ही तपासणी खऱ्या अर्थाने होईल.

प्रश्न: ताऱ्यांत विखंडनाचा काही प्रत्यक्ष पुरावा सापडला आहे का?

डिसेंबर २०२३ मध्ये इयन रोडरर, निकोल वॅश आणि सहकाऱ्यांनी आर-प्रक्रियेच्या मूलद्रव्यांनी समृद्ध अशा ४२ ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलेडियम आणि चांदी या चार मूलद्रव्यांचे प्रमाण जड आर-प्रक्रिया मूलद्रव्यांच्या प्रमाणाबरोबर वाढते, पण आवर्त सारणीतील त्यांच्या शेजाऱ्यांचे तसे वाढत नाही, असे त्यांना आढळले. दोन्ही गट एकाच केंद्रकाच्या विखंडनातून आले असतील तरच ही जोडी समजते, आणि त्यासाठी फुटणाऱ्या केंद्रकाचा वस्तुमानांक २६० पेक्षा अधिक असावा लागतो.

हा आजवरचा सर्वांत सबळ पुरावा आहे, असे मला वाटते. तरी तो अप्रत्यक्ष आहे, आणि विभाजनाची गणना बदलली तर त्याच्या तपशिलांत फरक पडू शकतो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

प्रश्न: दुर्मिळ मृदांचे शिखरही विखंडनामुळेच आहे का?

वस्तुमानांक १६०च्या आसपासच्या या छोट्या शिखराबद्दल दोन मते आहेत. एक मत असे की परतीच्या वाटेवर केंद्रकांच्या विरूपित आकारामुळे द्रव्य तिथे साचते. दुसरे असे की असमान विखंडनाचे जड तुकडे थेट तिथे पडतात. दोन्ही कारणे एकाच वेळी काम करत असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

प्रश्न: आपल्या सूर्यमालेत विखंडनाचा काही जुना ठसा आहे का?

आहे, आणि तो उल्कापाषाणांत आहे. प्लुटोनियम-२४४चे अर्धायुष्य सुमारे ८ कोटी वर्षे असल्याने सूर्यमालेच्या जन्माच्या वेळी ते अस्तित्वात होते आणि त्याच्या स्वयंस्फूर्त विखंडनातून झेनॉनचे विशिष्ट समस्थानिक उल्कापाषाणांत अडकून राहिले. १९६० च्या दशकात हा झेनॉन सापडला, आणि प्रयोगशाळेतील प्लुटोनियम-२४४च्या झेनॉनशी तो तंतोतंत जुळतो हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. आर-प्रक्रियेतच जन्मलेल्या एका केंद्रकाच्या विखंडनाचा हा हातात धरता येणारा पुरावा आहे.

प्रश्न: महाराष्ट्रातील वेधसाधनांचा या विषयाशी संबंध आहे का?

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने २०१७ च्या विलीनीकरणानंतरच्या रेडिओ लहरींचा पाठपुरावा केला. त्यातून झोताची आणि भोवतालच्या वायूची माहिती मिळते, मूलद्रव्यांची नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा परिसरात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. ती कार्यान्वित झाली की विलीनीकरणाचे आकाशातील स्थान बरेच अचूक ठरवता येईल, आणि किलोनोव्हा पहिल्या काही तासांतच सापडण्याची शक्यता वाढेल.

प्रश्न: अनिश्चितता कमी करण्यासाठी सध्या काय केले जात आहे?

मिशिगनमधील एफआरआयबी ही दुर्मिळ समस्थानिक तयार करणारी सुविधा मे २०२२ मध्ये सुरू झाली. जपानमधील रिकेन आणि जर्मनीतील डार्मश्टाट येथेही न्यूट्रॉनसमृद्ध केंद्रकांची वस्तुमाने व अर्धायुष्ये मोजली जात आहेत. विखंडन होणाऱ्या अतिजड प्रदेशापर्यंत ही यंत्रे थेट पोहोचणार नाहीत, पण न्यूट्रॉन-संख्या १२६च्या आसपासची मोजमापे सैद्धान्तिक प्रतिमानांना त्या दिशेने बांधून ठेवतील. दरम्यान गणना करणाऱ्यांनी एकाच वस्तुमान-सारणीवर विसंबू नये. अडथळे, क्षयवेग आणि विभाजन हे तिन्ही एकाच प्रतिमानातून सुसंगतपणे घ्यावेत, निरनिराळ्या प्रतिमानांनी तेच गणित पुन्हा करावे आणि निष्कर्षांबरोबर फरकांचा पट्टाही छापावा. अनेक संशोधनगटांनी ही पद्धत आता स्वीकारली आहे. एकच रेघ दाखवणारी आकृती कुठे दिसली, तर तिच्यामागे कोणते विखंडन-प्रतिमान वापरले आहे हे वाचकाने आधी शोधावे.